सव्वा मूठ

"वहिनी, औंदा कोकिळाले रोटले बलावानं नही. दारूनं घर शे ते. आनि मूठ टाकाले तिना घर माणूस तरी कोठे शे?" लोटनभाऊ म्हणाले, आणि मी हातातली परात जमिनीवर आदळली.

श्रावणात कानबाईदेवीच्या नैवेद्याला गव्हाचे जाड रोट करायचे म्हणजे भावकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू मोजायचे, सगळे एकत्र दळायचे आणि रोट भावकीतच संपवायचे. बाहेरच्याला तुकडा चालत नाही. लग्न होऊन धरणगावात आले तेव्हापासून हे गहू मीच मोजते. माझे यजमान थोरले. ते गेले, पण परात माझ्याकडेच राहिली. लोटनभाऊ मधले. धाकटे प्रेमराजभाऊ संक्रांतीनंतर गेले, त्यांची बायको ही कोकिळा.

आता दारूचं घर म्हणजे काय, तर प्रेमराजभाऊंची बोरांची बाग. बाजारात बोरांना कुत्रं विचारत नव्हतं, म्हणून बाप-लेकीनं बोरं आंबवून सायडर करायला घेतली. रीतसर परवाना काढला आणि शेतातल्या शेडमध्येच लोकांना बसायची सोय केली. बाप गेला तरी मायलेकींनी ते बंद केलं नाही. हेच भावकीच्या पोटात दुखतं. लोटनभाऊ दर बाजाराच्या दिवशी हायवेच्या धाब्यावर बसतात, ते काय ताक प्यायला? पण ती पडली पुरुषाची दारू. बाईनं ग्लास भरला की मात्र घर बाटलं!

मी परात उचलली आणि तडक शेत गाठलं. भर दुपारी, पुढच्या दारानं. मागून जायला मी चोरी केली नव्हती.

शेडमध्ये पाय ठेवायची माझी ही पहिलीच वेळ. भिंतीत सायडरचे पितळी नळ, खाली लाकडी बाकं, एका बाकावर जळगावचं एक जोडपं शेंगदाणे खात बसलेलं. कोकिळा बाटल्या विसळत होती. मला पाहून तिनं ओल्या हातानंच पदर डोक्यावर घेतला. तिची लेक हेमांगी धावत आली, मला बसवलं, आणि मीच मागितल्यावर नळाखाली ग्लास धरला. एक घोट घेतला तर आंबट, तुरट, आणि सगळं नाकात चढलं. मी शिंकले तशी जळगावची बाई हसली. हसू दे. बोर म्हणजे बोरच होतं ते.

"गहू दे," मी कोकिळाला म्हटलं.

ती मान खाली घालून म्हणाली, "अक्का, मन्हा घर आते माणूस कोन शे? कोना नावनी मूठ देऊ?"

"तू शे ना. ही पोर शे."

कोकिळाचे डोळे भरले. ती आत गेली आणि सुपात गहू घेऊन आली. मी मोठ्यानं नावं घेतली, कोकिळा, हेमांगी, आणि परातीत दोघींच्या मुठी टाकल्या.

हेमांगी बघत होती. म्हणाली, "आणि मोठी आई, तुझी मूठ कोण टाकतं?"

मला लेकरू नाही. यजमान गेल्यापासून माझ्या घराची मूठ त्या पिठात पडलीच नव्हती. एवढी वर्षं सगळ्यांच्या मुठी माझ्याच हातानं पडल्या आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही, की मी येऊ दिलं नाही, देव जाणे.

रविवारी कानबाई बसली. सोमवारी विसर्जन करून भावकी माझ्या ओसरीत जेवायला बसली, तेव्हा मी कोकिळाला आणि हेमांगीला माझ्या रिकाम्या पाटाशेजारी बसवलं. लोटनभाऊ ताट सोडून उठायला लागले.

मी म्हटलं, "दळण व्हई गयं, भाऊ. त्यामा या दोन्हीसनी मूठ शे. ज्याले चालत नही, त्यानी आपलं पीठ येगळं करी लेवं."

कानबाईचा रोट टाकून उठायची छाती कोणाची होणार? लोटनभाऊ खाली बसले. कोकिळानं उठून त्यांच्या ताटात रोट वाढला. त्यांनी मान वर न करता तुकडा मोडला.

त्या पिठात आणखी एक मूठ होती. दळणाला धाडायच्या आधी, घरात कोणी नसताना, मी गहू उचलले आणि मोठ्यानं म्हटलं, यशोदा. स्वतःचंच नाव तोंडात अवघडलं, म्हणून पुन्हा एकदा म्हटलं, आणि मूठ सोडली.

मग त्या पंगतीत मीही जेवायला बसले.