टेकू काढलेलं झाकण

धाकट्याच्या कारखान्यात मी सहसा पाऊल टाकत नाही. तिथे मला काही ना काही खुपतं आणि त्याला माझं बोलणं खुपतं. त्या दुपारी चाव्या द्यायला गेले आणि दारातच थबकले.

टाकीचं दीडशे किलोचं लोखंडी झाकण बिजागरीवर सरळ उभं होतं. त्याला मागे रेलून ठेवणारा टेकू रंगवायला काढलेला, बाजूला वाळत पडलेला. आणि माझा भाऊ, बेचाळीस वर्षांचा घोडा, कमरेपर्यंत टाकीत वाकून आत पडलेला पाना चाचपत होता. कोपर झाकणापासून वीतभरही लांब नव्हतं.

ओरडले असते तर दचकून तोच झाकणावर आदळला असता. "टेकू कुठाय रे?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"लागत नाही गं ताई." टाकीतून आवाज घुमत आला. "बोटानं हलवून बरोबर मध्यावर उभं केलंय. बल शून्य असेल तिथे वस्तू स्थिर राहते. तूच घोकून घेतलं होतंस."

घेतलं होतं. मी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं आणि हा पठ्ठ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी वही घेऊन उगवला होता. स्थितिज ऊर्जेचा आलेख काढून दिला: जितका उतार तितकं बल, सपाट जागी बल शून्य. पण सपाट जागा वाटीच्या तळाशी असते तशीच टेकडीच्या माथ्यावरही असते, आणि माथ्यावरून जरा ढळलं की वस्तू परत येत नाही, हे मी गाळलं.

झाकण माथ्यावर होतं.

"बाहेर ये."

"पाना हाताला लागलाय. एक मिनिट."

त्याचं एक मिनिट मला ठाऊक आहे. मी बाजूने सरकत गेले आणि झाकणाच्या वरच्या कडेला टाकीकडच्या बाजूने तळहात टेकवला. ते माझ्या हातावर रेललं. म्हणजे त्याच्या बाजूला ढळलं होतं. आधी कपभर चहाइतका भार, मग तांब्याभर पाण्याइतका. झुकेल तसा उतार वाढतो, उतार वाढेल तसं बल, हे फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं होतं. मनगटाला आज पहिल्यांदा कळत होतं. भार भरल्या बादलीएवढा झाला आणि माझ्या चपला फरशीवर घसरू लागल्या.

"बाहेर हो, मला पेलत नाही!"

त्याने मान वर केली, पाहिलं आणि पांढराफटक पडला. बाहेर पडायला वेळच उरला नव्हता. त्याने दोन्ही हात वर करून झाकणाला लावले. आम्ही दोघांनी दात आवळून रेटलं. ते इंच इंच मागे गेलं, क्षणभर हाताला काहीच लागेना, आणि मग मागच्या भिंतीवर असं कोसळलं की गिलाव्याचा थर खाली आला.

तो जमिनीवरच बसला.

"पण ते हलत नव्हतं, ताई."

"मी तुला अर्धंच सांगितलं होतं," मी म्हणाले आणि माथ्याचं सगळं सांगितलं. त्याला एका झटक्यात कळलं.

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"पास होण्यापुरतं तेवढं पुरे होतं."

त्याने खांद्यावरची गिलाव्याची धूळ झटकली. "म्हणजे तुला वाटलं, मला कळणार नाही."

मी हो म्हणाले.