राधाबाईंना विचारायचं राहिलं

बायपास झाल्यावर कचरूराव ओव्हाळ यांनी स्वतःच्या मरणाची व्यवस्था करायला घेतली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली होती. आयत्या वेळी धावाधाव करणाऱ्या माणसांचा त्यांना मनापासून राग यायचा. आपल्या मागे तसं व्हायला नको म्हणून त्यांनी देहदानाचा फॉर्म आणला, भरला, आणि नातेवाइकांच्या रकान्यात बायकोची आणि मुलीची सही घेतली. एका कागदावर सगळं लिहून ठेवलं: आधी मेडिकल कॉलेजला फोन, मग नातेवाइकांना, घरी फक्त त्रिशरण-पंचशील, भाषणं नकोत, हार नकोत, त्याऐवजी वह्या आणा.

वाघोलीच्या फ्लॅटमध्ये जेवताना ते हे राधाबाईंना पुन्हा पुन्हा समजावून सांगत.

"मी गेलो की रडत बसू नको. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात."

"आधी आमटी घ्या," राधाबाई म्हणत.

एकदा मेथी निवडता निवडता त्यांनी सहज विचारलं, "अहो, मग माझं कसं करायचं?"

"तुझं कशाला आत्ता? तू मला पोचवून सावकाश येणार."

राधाबाई हसल्या आणि निवडलेली मेथी धुवायला उठल्या. आपण बरं उत्तर दिलं, असंच कचरूरावांना वाटलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी कपडे वाळत घालताना राधाबाई बाल्कनीत कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. नगर रस्त्यावरच्या हॉस्पिटलात दोन दिवस त्या व्हेंटिलेटरवर होत्या. गुरुवारी दुपारी साडेबाराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, त्या गेल्या."

कचरूरावांनी मान हलवली. पुढं काय करायचं हे त्यांना पाठ होतं. पण ते सगळं त्यांचं स्वतःचं होतं.

थोड्या वेळानं हॉस्पिटलची समाजसेविका आली. पूर्वानंच, त्यांच्या मुलीनं, तिला बोलावलं होतं. "आजींनी फॉर्म भरलेला नसला तरी चालतं," ती म्हणाली. "घरच्यांची संमती पुरते. नेत्रदान करायचं असेल तर साडेसहाच्या आत सांगा. देहदानाचंही कॉलेजला लगेच कळवावं लागेल." तिनं कागद आणि पेन कचरूरावांच्या हातात दिलं.

"करा बाबा सही," पूर्वा म्हणाली. डोळे सुजलेले होते, आवाज मात्र खणखणीत होता. "दिवाळीत आई मला म्हणाली होती, ह्यांचं करतील तसंच माझंही करा म्हणून."

बाकड्याच्या टोकाला राधाबाईंची धाकटी बहीण गोदाबाई बसली होती. फुलगावहून मिळेल त्या गाडीनं ती आली होती. ती ताडकन उठली.

"कवा म्हणली? मला तर म्हणली हुती, गोदे, मला कापाकापीचं लई भ्या वाटतं. ह्यांच्या म्होरं बोलता येत न्हाई."

"मावशी, ती गंमतीत म्हणाली असेल."

"मरणाची काय गंमत करत्यात का गं? दाजी, तुमीच सांगा. तुमाला काय म्हणली हुती आक्का?"

दोघी त्यांच्याकडे बघत राहिल्या. एकावन्न वर्षांचा संसार. तिला चहात साखर किती लागते, गुडघा कुठल्या बाजूचा दुखतो, हे त्यांना माहीत होतं. या प्रश्नावर मात्र मेथीची जुडी आणि तिचं हसणं, याखेरीज काहीच आठवेना. ती तेव्हा कशाला हसली होती? समाधानानं, की आता बोलून उपयोग नाही म्हणून?

"मला नाही म्हणाली काही," ते म्हणाले.

"मग तुम्हाला काय वाटतं?" पूर्वानं विचारलं.

त्यांना काय वाटतं हे सगळ्या घराला माहीत होतं. गेली दोन वर्षं ते तेच सांगत होते. म्हणूनच तर त्यांना तोंड उघडायची भीती वाटली. सही केली तर कदाचित ती ज्याला भ्यायची तेच तिच्या वाट्याला यायचं. नाही केली तर कदाचित तिची शेवटची इच्छा मोडायची. आणि आत जाऊन तिला विचारायची सोय राहिली नव्हती.

तीन वाजले. फुलगावची माणसं जमली. पाच वाजता कोणीतरी पांढरं पातळ आणलं. "दाजी, कधी निघायचं?" असं एकेकजण येऊन विचारत होता आणि ते हातातला कागद नुसता सरळ करत होते.

"बाबा, डोळे तरी," सहा वाजता पूर्वा म्हणाली. आता ती रडत होती. गोदाबाई भिंतीला डोकं टेकून बसली होती. तिच्यातही भांडायचं बळ उरलं नव्हतं.

कचरूरावांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. पावणेसातला समाजसेविका आली, कोऱ्या रकान्याकडे तिनं पाहिलं आणि कागद त्यांच्या हातातून सोडवून घेतला.

राधाबाईंना विद्युतदाहिनीत दिलं. कोणी ठरवलं असं नाही. माणसं त्या बाजूला चालू लागली, कचरूरावही चालू लागले.

घरी आल्यावर पूर्वा एकदाच बोलली. "निदान 'नाही' असं तरी म्हणायचं होतं, बाबा. मला चाललं असतं."

"'नाही'सुद्धा म्हणता आलं नाही गं," ते म्हणाले.

अस्थी दाहिनीजवळच्या खोलीतल्या कप्प्यात ठेवल्या होत्या. सतराव्या दिवशी तिथला कर्मचारी सीताराम याचा फोन आला म्हणून कचरूराव एकटेच रिक्षानं गेले.

"काका, कुठं सोडायचं ठरलं का?"

"नाही."

"आळंदीला नेतात लोक. तुमच्यातले काहीजण झाड लावतात, खड्ड्यात टाकतात." सीतारामनं कप्पा उघडला. "बाईंना कुठं जायला आवडायचं?"

कचरूराव आठवू लागले. दीक्षाभूमीला गेलो, महूला गेलो, एकदा महाबळेश्वरला. दर वेळी तिकिटं त्यांनीच काढली होती आणि ती डबा बांधून तयार होऊन उभी असायची. तिथं पोचल्यावर "छान आहे" म्हणायची. सगळीकडे तेच म्हणायची.

"आणखी थोडे दिवस ठेवता का?" त्यांनी विचारलं.

"ठेवतो की. पण विचारणार कोणाला तुम्ही?"

कचरूराव दारातल्या पायरीवर बसले. त्यांनी तोंडावर रुमाल धरला. सीताराम आतून पाण्याचा पेला घेऊन आला आणि त्यांच्या शेजारी टेकला.