‘देवाचं’ म्हणायचं राहिलं

फ्रेडरिकला राग यायला फारसं निमित्त लागत नसे, हे वसई पश्चिमेच्या अख्ख्या वटार गावाला ठाऊक होतं. वाडीतल्या पाण्याचा पाट कुणी आपल्याकडे वळवला, तरी त्याचा आवाज चार घरांपलीकडे ऐकू जायचा. पण मागे एकदा त्याला जो राग आला, तो त्याला थेट वसई पूर्वेला घेऊन गेला आणि तिथंच अडकवून बसला.

झालं होतं असं. एव्हरशाईन सिटीच्याही पलीकडे, डोंगराच्या अंगाला, नवं विद्यापीठ उभं राहिलं होतं. तिथल्या कॅन्टीनला केळी द्यायला एका रविवारी सकाळी फ्रेडरिक टेम्पो घेऊन गेला, तर गेटबाहेरच्या बसथांब्यावर पाच-सहा पोरंपोरी डोळे मिटून हळू आवाजात प्रार्थना म्हणत बसलेली. कुणी नंदुरबारकडचं, कुणी तलासरीचं, कुणी पार झारखंडचं. सगळी होस्टेलवरची. तेवढ्यात वॉचमन आला आणि इथं गर्दी करू नका म्हणून त्यांना उठवून गेला. पोरं निमूट उठली, रस्ता ओलांडून उन्हात जाऊन उभी राहिली आणि राहिलेली प्रार्थना त्यांनी उभ्याउभ्या पुरी केली. आता काय म्हणावं ह्याला? पश्चिमेला गावागावात ही एवढाली चर्च, नाक्यानाक्यावर क्रूस, आणि इथं देवाचं नाव घ्यायला पोरांना बूड टेकायला जागा नाही. फ्रेडरिकच्या डोक्यात तिडीकच गेली. वॉचमनशी मनसोक्त भांडून झाल्यावर तो तसाच जागा शोधत निघाला.

जागा मिळाली ती गेटच्या अगदी समोर. रामनाथ नावाच्या खाडीकाठच्या शेतकऱ्याची भात साठवायची जुनी वखार होती. भात पिकायचं थांबलं, तशी ती रिकामीच पडली होती. रामनाथ जुन्या वळणाचा माणूस. “पोरं देवाचं नाव घेणार ना? मग घ्या,” एवढंच म्हणाला आणि नावापुरत्या भाड्यावर त्यानं किल्ली दिली. दर रविवारी फादर डिलन तिथं मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, करायला येऊ लागले. एरवी पोरं अभ्यासाला बसायची. कुणाला घरची आठवण आली, कुणाचा पेपर वाईट गेला, की पाय आपोआप तिकडे वळायचे. वखारीला कुणी दुसरं नाव दिलंच नाही. वखारीत जातो, वखारीत भेटू, वखारीत मिस्सा आहे, असंच चालायचं.

मग त्या बाजूच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. रामनाथच्या मुलाला, भूपेशला, वखार जिमवाल्याला विकायची होती. त्यात त्याचं चुकत होतं असंही नाही, घर त्यालाही चालवायचं होतं. रामनाथ फ्रेडरिकला म्हणाला, “तुम्हाला हवी असली तर आधी तुम्ही. मार्चअखेरपर्यंत पोराला थांबवतो. त्यापुढे मी मध्ये येणार नाही.”

“घेणार,” फ्रेडरिक म्हणाला. खिशात काय आहे, हे त्यानं नंतर बघितलं.

वर्षभर तो पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरला. गल्फमधल्या वसईकरांनी पैसे पाठवले, विद्यापीठातून पास होऊन गेलेल्या पोरांनी पहिल्या पगारातून पाठवले, चर्चच्या ट्रस्टनं हात दिला. बराचसा डोंगर चढून झाला. पण आपल्याच पश्चिमेच्या गावांत मात्र माणसं चहा पाजायची आणि विषय बदलायची. वटारचे पास्कूदादा तर तोंडावर बोलले. पास्कूदादा म्हणजे गावातला वजनदार माणूस, त्यांनी हात आखडला की दहा घरांचे हात आखडतात.

“फेडरिक, ती पोरं काय आपली आहेत? आज आली, उद्या डिग्री घेऊन उडून जातील. त्यांच्यासाठी आपन का म्हनून खिसा फाडायचा?”

फ्रेडरिकला खूप काही बोलायचं होतं, पण पैसे मागायला गेलेल्या माणसाला राग परवडत नाही. तो चहा पिऊन घरी आला आणि वाडीत जाऊन एकटाच बडबडत बसला.

शेवटी आशा उरली ती लिलावाची. त्यांच्या भागात सणाच्या दिवशी चर्चसमोर लिलाव होतो. घरोघरचा पहिला नारळ, पहिला दुधी, कोंबडा, जे असेल ते टेबलावर येतं आणि बोली लागते. त्यातली गंमत पुढेच आहे. ज्याला वस्तू सुटते, तो पैसे देतो आणि म्हणतो, “देवाचं.” एवढा एक शब्द. की वस्तू पुन्हा टेबलावर, पुन्हा बोली. केळ्यांचा एकच लोंगर, म्हणजे अख्खा घड, दिवसभर विकला जातो आणि जागचा हलत नाही. मात्र तो शब्द घेणाऱ्याच्या तोंडून आपसूक यायला हवा. दुसऱ्यानं सुचवायचं नाही, खुणावायचंही नाही. सुचवलेलं दान देवाला पोचत नाही म्हणतात.

फ्रेडरिकनं मार्चातल्या शेवटच्या रविवारी वखारीसमोरच्या मोकळ्या जागेत लिलाव ठेवला. आपल्या वाडीतला वेलची केळ्यांचा सगळ्यात मोठा लोंगर त्यानं आढी घालून पिकवला होता. असा पिवळाधम्मक, की टेबलावर ठेवला तशी मागची माणसं उठून उभी राहिली. बोली पुकारायला पाचूबंदरहून कोन्सूबाय आली होती. रोज पहाटे धक्क्यावर मासळीचा लिलाव करणारी बाई. तिचा आवाज एकदा लागला की माणसाचा हात नकळत खिशाकडे जातो. पश्चिमेची माणसं टेम्पो भरभरून आली होती. पास्कूदादाही आले होते, बघायला. रामनाथला कोन्सूबायनं आग्रहानं पुढच्या खुर्चीवर बसवलं, शेजारी भूपेश मोबाईल बघत बसला.

किरकोळ वस्तू आधी गेल्या. मग कोन्सूबायनं लोंगरावर हात ठेवला.

“वटारची वेलची. बोला, कोन बोलतो?”

फ्रेडरिकनं मनात हिशेब केला होता. हा लोंगर संध्याकाळपर्यंत फिरला पाहिजे, तरच वखार आपली. आणि तेवढ्यात पोरांच्या घोळक्यातून एक हात वर झाला. रोशनीचा. रोशनी नवापूरकडची, त्या बसथांब्यावरच्या पोरांतलीच एक, आता शेवटच्या वर्षाला होती. पोरांनी मेसचे पैसे वाचवून जमवलेली एक रक्कम तिनं सांगितली. रक्कम अगदीच बेताची. पण मोठी माणसं गप्प राहिली. पोरांवर बोली चढवायची कशी, लाज वाटते ना. शिवाय सगळ्यांना वाटलं, पोरगी आता ‘देवाचं’ म्हणेल, मग खरी सुरुवात.

“एक वार, दोन वार, तीन वार. सुटला,” कोन्सूबाय म्हणाली आणि तिच्याकडे बघत थांबली. “लोंगर तुझा गो बाय.”

“माझा?” रोशनी गोंधळली. सगळे आपल्याकडेच बघतायत म्हटल्यावर ती लाजली आणि म्हणाली, “थँक यू.”

फ्रेडरिक एक पाऊल पुढे आला आणि थबकला. त्यानं ओठ घट्ट मिटले. सुचवायचं नाही म्हणजे नाही. कोन्सूबायही नुसती बघत राहिली. आणि बघता बघता पोरांनी टेबलावरचा लोंगर उचलला. फण्या सुटल्या, केळी सुटली. रोशनीच्या गावी सुगीचं जे काही चर्चमध्ये येतं, ते तिथंच सगळ्यांनी वाटून खायचं असतं. तिला दुसरं काही माहीतच नव्हतं. पोरं रांगांमधून फिरू लागली. आधी म्हातारी माणसं, मग लेकुरवाळ्या बाया, मग बाकीचे. पास्कूदादांच्या हातात पहिलं केळ पडलं. “घ्या ना दादा, तुमच्याच गावची आहेत.” नको म्हणायला त्यांना तोंड कुठं होतं? उन्हं चढली होती, माणसं सकाळपासून उपाशी होती, केळी गोड होती. सगळ्यांनी खाल्ली.

फ्रेडरिक डोक्याला हात लावून उभा होता. वर्षभराची पायपीट, दिलेला शब्द, त्या पोरांची जागा, आणि हीच पोरं ती जागा सालं सोलून वाटून टाकत होती. रोशनी त्याच्यापाशी आली. “काका, तुमचं.”

“तूच खा,” तो खेकसला.

तिचा चेहरा उतरला. काहीतरी चुकलंय हे तिला कळलं, पण काय ते कळेना. ती फादर डिलनकडे गेली. फादरनी तिला हळूच सगळं सांगितलं, तशी ती खालीच बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडू लागली. फ्रेडरिकला स्वतःचीच चीड आली. ज्या पोरीला उन्हातून सावलीत आणलं, तिला आपणच रडवलं, असं त्याला झालं.

माणसं कुजबुजू लागली, चपला शोधू लागली. टेबल रिकामं. आता लिलाव कशाचा करणार?

कोन्सूबाय मात्र जागची हलली नव्हती. तिच्या हातात केळ्याचं साल होतं. ती स्टुलावर चढली.

“थांबा जरा,” ती म्हणाली. धक्क्यावरचा आवाज नव्हता हा, बराच खालचा होता, पण माणसं थांबली. “लोंगर देवाच्या टेबलावरचा होता. पैशे पोरांनी दिले. मी नाय दिले. आनि मी खाल्लं. सत्तर वर्सांत देवाच्या टेबलावरचं फुकट खाल्लं नव्हतं मी, आज खाल्लं. हे माझ्या पोटात र्‍हानार नाय.”

तिनं हातातली पाटली काढली. घट्ट बसली होती, तिला ओढावी लागली. पाटली तिनं रिकाम्या टेबलावर ठेवली आणि वर साल ठेवलं. “माझ्या केळ्याचे,” ती म्हणाली आणि खाली उतरली.

आता हे त्या गावांतल्या माणसांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. देवाच्या टेबलावरचं फुकट खायचं नाही, हे आईच्या दुधाबरोबर आलेलं. आणि इथं तर सगळ्यांनीच खाल्लं होतं. केळ घशाखाली गेलेलं, परत करता येत नाही. ‘देवाचं’ म्हणायची वेळही निघून गेलेली. जो तो आपल्या हातातल्या सालाकडे बघू लागला.

पास्कूदादा उठले. सावकाश चालत टेबलापाशी आले. आजवर लिलावात त्यांनी कधी शेजाऱ्याच्या वर बोली नेली नव्हती. त्यांनी साल ठेवलं आणि म्हणाले, “ह्या वर्षाच्या नारळाचे जेवढे येतील तेवढे.” मग वळून, “सगळे,” असंही म्हणाले. रोशनीजवळून जाताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग रांगच लागली. ढकलाढकली नाही, गडबड नाही, मिस्सेला वेदीकडे जातात तशी माणसं एकामागून एक येत होती. बोली पुकारायला कुणी नव्हतं. आपल्या केळ्याची किंमत ज्यानं त्यानं ठरवायची होती आणि आपल्या केळ्याला कमी किंमत लावायची कुणाला हिंमत होत नव्हती. एक तांडेल आला, आपल्या बोटीची पुढच्या फेरीची मासळी लिहून देऊन गेला. एव्हरशाईनमधलं एक नवं जोडपं आलं, नवऱ्यानं मोबाईलवरून पैसे पाठवले, तर बायकोनं फोन त्याच्या हातातून घेतला आणि आणखी पाठवले. एक म्हातारी सोनं नाही, पैसा नाही म्हणून कानातली चांदीची फुलं ठेवून गेली. टेबलावर सालांचा ढीग वाढत गेला.

फ्रेडरिक बघत राहिला. आयुष्यभर तो लिलाव बघत आला होता. चढाओढ, ईर्ष्या, मिशीला पीळ, सगळं बघितलं होतं. हे असं कधी बघितलं नव्हतं.  आपण वर्षभर दारोदार जाऊन जे मागत होतो, ते ह्या पोरीनं न मागता, उलट वाटून मिळवलं. चूक झाली म्हणून मिळालं, की चूक व्हावी असंच कुणाच्या मनात होतं, हे त्याला कळेना. त्यानं टोपी काढून हातात धरली. राग कुठल्या कुठे गेला होता.

ऊन उतरेपर्यंत रांग सरली. फादर डिलन आणि ट्रस्टची माणसं हिशेब करत बसली. फादर हिशेबाचा कागद घेऊन उठून आले. “फेडरिक, बहुतेक सगळं आलं,” ते म्हणाले. “थोडं कमी आहे.”

थोडं म्हणजे गावच्या माणसाला थोडं नव्हे. मार्च संपायला एवढासा वेळ. फ्रेडरिक रामनाथकडे गेला. भूपेश बापाच्या मागे उभा होता, गाडीची किल्ली बोटात फिरवत.

“रामनाथभाऊ,” फ्रेडरिक म्हणाला, “एक महिना द्या. पाया पडतो.”

“किती राहिले?” रामनाथनं विचारलं.

फ्रेडरिकनं आकडा सांगितला. रामनाथ वखारीच्या दाराकडे बघत बसला. रोशनी आणि इतर पोरं तिथं झाडू मारत होती.

“महिना कशाला? उद्याच खरेदीखत करून टाकू.”

“आणि राहिलेले?”

“ते माझ्यावर.”

“बाबा, एवढे?” भूपेश पुढे झाला. “तुमचा काय संबंध?”

“आमच्या देवीच्या जत्रेत पण असाच नेम आहे, फुकट खायचं नाही,” रामनाथ मुलाला म्हणाला. “त्या पोरीनं तुला पण केळ आणलं होतं. तू नको म्हटलंस. परत कसं पाठवायचं?”

फ्रेडरिकनं भूपेशची रिकामी खुर्ची ओढली. तो रामनाथसमोर बसला. “भाऊ, पण एका केळ्याचे एवढे कुणी देतं का?”

रामनाथनं मूठ उघडली आणि सालं त्याच्यापुढे धरली.

“फेडरिक,” तो म्हणाला, “मी दोन खाल्ली.”