दुसऱ्याची फुंक

“बंद कर ते गाणं!” शरच्चंद्रांनी लेकीच्या हातातून रिमोट ओढूनच घेतला.

टीव्हीवर तरुणपणचे शरच्चंद्र वरातीत गाल फुगवून ट्रम्पेट वाजवत होते आणि आवाज मात्र सिनेमातल्या कुठल्याशा गायिकेचा येत होता. सकाळपासून पाहिलेल्या प्रत्येक लग्नाची हीच तऱ्हा. त्या काळी व्हिडिओवाले बँडचा आवाज पुसून वर सिनेमाची गाणी चढवायचे. गिऱ्हाइकालाही तेच हवं असायचं. रेल्वेच्या क्लबात जॅझ शिकलेला आणि तिथले नाच बंद पडल्यावर वरातींतही तोच चोरून वाजवणारा हा माणूस जन्मभर कॅमेऱ्यात सापडला, पण मुका.

रविवारी गावातल्या मराठी मंडळात त्यांचा सत्कार होता. तिथं दाखवायला चेतनानं गोल बाजारातल्या दुकानातून जुन्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून आणल्या होत्या.

“बाबा, नेटवरून कोणाचा तरी चांगला ट्रम्पेट घेते न् याच्यावर टाकते. कोणाले समजते?”

“मले समजते.”

“तुम्ही पण ना! दोन मिनिटांचं काम आहे.”

“गाल माझे न् फुंक दुसऱ्याची? त्यापेक्षा मुकाच दाखव मले.”

चेतनानं सुस्कारा टाकून पुढचं लग्न लावलं. ते तिचंच होतं. बिदाईची वेळ. वधूपित्यानं हात जोडून उभं राहायचं, ते सोडून शरच्चंद्रांनी सरळ बँडवाल्याच्या हातातून ट्रम्पेट घेतला होता. व्याह्यांच्या तोंडावर कडू कारलं. आणि या सगळ्यावर एक रडकं गाणं चढवलेलं.

शरच्चंद्रांनी आवाज बंद केला. पडद्यावरची आपली बोटं पाहता पाहता मांडीवरची तीन बोटं आपोआप हलू लागली.

“काय वाजवून राहिले होते तुम्ही?” चेतनानं विचारलं. “मले आजपर्यंत माहीत नाही.”

तेवढ्यात पडद्यावर मोटारीची काच वर चढू लागली. ती चढवणारा हात हिरव्या चुड्याचा होता.

चेतनाची मान खाली गेली. इतकी वर्षं शरच्चंद्र त्या काचेचा राग व्याह्यांवर काढत आले होते. मग ते उठले आणि त्यांनी कपाटावरची ट्रम्पेटची धुळकट पेटी खाली ओढली.

“बाबा, काहून? दात नवीन बसवले आहेत तुमचे.”

“दात नवीन आहेत, माणूस जुनाच आहे. मागं घे ते.”

“दुपार आहे. पूरा पारा, सारा मोहल्ला झोपून राहिला.”

“उठू दे.”

पडद्यावरची मोटार पुन्हा दाराशी आली. पहिली फुंक फुसकी निघाली, दुसरी फाटली. शरच्चंद्रांनी घाम पुसला, पडद्यावरच्या बोटांवर डोळे रोवले आणि तिसऱ्यांदा ट्रम्पेट तोंडाला लावला. या वेळी धून निघाली. ती रडकी नव्हतीच. खट्याळ होती, ठेका सोडून पळायची आणि पुन्हा येऊन त्यावरच पाय ठेवायची. जा पोरी, पण मान खाली घालून जाऊ नको, असं भर बिदाईत बजावणारी. मधेमधे सूर चिरकत होता, पण होता त्यांचा स्वतःचा.

पडद्यावर काच पुन्हा चढू लागली. चेतना ताडकन उठून अर्धवट लोटलेल्या खिडकीकडे गेली. आता ही कडी लावणार, या रागानं शरच्चंद्रांनी आणखीनच जोरात फुंकलं.

तिनं खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. पुरानी बस्तीच्या गल्लीत कोणीतरी सायकल थांबवून वर पाहिलं.

“पहिल्यापासून वाजवा, बाबा,” ती पाठमोरीच म्हणाली. “मी ऐकून राहिली.”