सैल टोपी

“मावशी, ही टोपी थोडी आत घेऊन द्याल का? लोक शेवटचं बघायला येतायत आणि ती सारखी आईच्या डोळ्यांवर घसरतेय. आत्या म्हणते, बरं दिसत नाही.”

लेखिकाबाईंच्या मुलीने निळी सुती टोपी पुढे केली. शिंपीणबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. सुईदोरा त्यांच्या पिशवीत कायम असे. काम दोन टाक्यांचं, पण दोरा काही केल्या सुईत जाईना.

टोपी सैल झाली ती त्यांच्याच चुकीने. इस्पितळात औषध चढवण्याच्या हॉलमध्ये दोघींच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. लेखिकाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर भलामोठा अंबाडा होता. शिंपीणबाईंचे केस तोवर गेलेले. हॉलमधल्या बायकांना त्या हौसेने टोप्या शिवून देत, तसं या नव्या बाईंचंही माप घेतलं. पण इतक्या सुंदर केसांवर टेप आवळायला हात धजेना. माप केसांवरूनच घेतलं गेलं. पुढे केस गेले, टोपी आली, ती थेट भुवयांवर जाऊन बसली.

“अगं बाई! आणा इकडे, उसवून नीट करून देते,” शिंपीणबाई ओशाळून म्हणाल्या होत्या.

“खबरदार हात लावाल तर! केसवाल्या बाईची टोपी आहे ही. केस परत आले की बरोब्बर बसेल.”

लेखिकाबाई दर आठवड्याला वर्तमानपत्रात आपल्या कॅन्सरबद्दल लिहीत. त्यात लढाई नसे, योद्धे नसत. तोंडाची गेलेली चव असे, आणि भेटायला येऊन ढसाढसा रडणाऱ्यांना रोग्यानेच उठून पाणी कसं द्यावं, हेही असे. त्या आठवड्यात टोपीची पाळी आली. ‘सगळ्यांनी माझं वजन घेतलं, रक्त घेतलं. शिंपीणबाईंनी तेवढं माझं माप आशेने घेतलं.’ सिस्टरने ते मोठ्याने वाचून दाखवलं. हॉल असा हसला, की सलाइनच्या नळ्या हिंदकळल्या. ज्यांना कुणी कधी नीट विचारलंसुद्धा नव्हतं, अशा बायका त्या दिवसापासून आपलं दुखणं मोकळेपणी सांगू लागल्या.

शिंपीणबाईंनी मात्र मनाशी नेम धरला. रोज पहाटे या बाईच्या नावाने एक माळ ओढायची, ती होईपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही.

लेखिकाबाईंचा देवाशी फारसा परिचय नव्हता. “पत्ता नीट सांगता ना त्याला?” त्या विचारत. “खिडकीजवळची खुर्ची म्हणा. नाहीतर भलतीलाच केस यायचे!”

“तुमची थट्टाही ऐकतो हो तो.”

“मग हसतो का?”

“हसत असेल. माझे कान कुठे तेवढे तीक्ष्ण!”

आता दोरा सुईत गेला. आत्या दारातून म्हणाली, “घ्या ना चटकन आवरून, लोक खोळंबलेत.”

शिंपीणबाई उशाशी वाकल्या. टाका घालायचा, म्हणजे हे केस आता येणार नाहीत, असं आपल्याच हातांनी लिहून द्यायचं. अंदाज घ्यायला त्यांनी त्या थंड डोक्यावरून तळवा फिरवला आणि हात तिथेच थांबला. औषधं उपयोगाची नाहीत म्हणून बंद केली होती, त्या दिवसांत डोक्यावर मऊ, बारीक लव उगवली होती.

त्यांनी सुई परत पिशवीत ठेवली.

“मी टाका नाही घालणार.”

“अहो, असं काय करता? चारचौघांत दिसतं कसं ते!”

शिंपीणबाई आजवर कुणाला उलटून बोलल्या नव्हत्या. आताही आवाज हळूच होता. “टोपी त्यांची आहे. त्यांनी हात लावायचा नाही म्हणून बजावलंय. बघ बाळ, केस यायला लागलेत.”

मुलीने वाकून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली. मग म्हणाली, “राहू दे आत्या. आईची टोपी अशीच असते.”

शिंपीणबाईंनी टोपी घातली. ती सवयीने भुवयांवर उतरली. भिंतीशी उभी असलेली, इस्पितळातून आलेली सिस्टर रडता रडता खुदकन हसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे माळ हातात आली, पण मागायचं काय ते सुचेना. शिंपीणबाईंनी नुसतीच माळ ओढली, मग पाणी प्यायल्या आणि आपल्या औषधाला निघाल्या.

खिडकीजवळच्या खुर्चीत एक तरुण मुलगी बसली होती. लांब वेणी, मांडीवर घट्ट मिटलेले हात.

“तुम्हीच ना टोप्या शिवता? सिस्टर म्हणाल्या.” तिने वेणी मुठीत धरली. “पण केस तर जाणारच. मग आत्ता माप कसं घेणार?”

देवाला पत्ता नव्याने सांगायला नको, शिंपीणबाईंच्या मनात आलं. त्यांनी पिशवीतून टेप काढला.

“सुरुवातीला सैल होईल हं,” त्या म्हणाल्या, आणि केसांवरूनच टेप फिरवला.