गच्चीच्या कडेपासून तीन फूट

मित्रांनो, मी एक जुना सोलर पॅनल आहे. सध्या बांधकाम परवानगीच्या कार्यालयात, मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांमध्ये भिंतीकडे तोंड करून उभा आहे. माझ्या काचेवर एक ओरखडा आहे, पण वीज मी अजून चांगली करतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण इथले लोक मला भंगार समजतात आणि माझ्या अंगाला ओल्या छत्र्या टेकवतात.

माझा जन्म मोठ्या कारखान्यातला. काळ्या चकत्या ओळीने मांडल्या, वर काच बसवली, भोवती चौकट ठोकली, की झालो मी तयार. मग नऊ वर्षे एका शाळेच्या गच्चीवर काढली. बाई मुलांना वर आणत आणि म्हणत, "हा बघा, ऊन खातो आणि वीज देतो!" मुले टाळ्या वाजवत. कावळे मात्र माझ्यावर बसून आपला कारभार निवांत उरकत. पुढे माझ्या दुप्पट ताकदीचे नवे पॅनल आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. वर्षभर कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

मला तिथून काढले ते शिवणकाम करणाऱ्या आजींनी. शाळेचे गणवेश त्याच शिवत. घरी आजोबांची फुप्फुसे थकली होती. त्यांना प्राणवायू पुरवणारे यंत्र सतत चालू ठेवावे लागे, आणि वीज तर रोज दुपारी दोन तास जाई. तेवढ्या वेळासाठी एक छोटा सिलिंडर होता, पण तो कधी दगा देईल याचा नेम नव्हता.

"बाई, तो जिन्याखालचा मला द्या हो," आजी मुख्याध्यापिकांना म्हणाल्या. बाईंनी मला दिलेच, वर एक बॅटरीही दिली.

पण मला गच्चीवर बसवायचे तर परवानगी लागते. कडेपासून तीन फूट जागा मोकळी हवी, म्हणजे आग लागली तर बंबवाल्यांना फिरता येते. नियम वाईट नव्हता. गच्ची चिमुकली, त्यात पाण्याची टाकी, तरी मला ठेवून बरोबर तीन फूट उरत होते. अर्जाला नकाशा जोडायचा होता. आजींनी गळ्यातली टेप काढली, मला मोजले, गच्ची मोजली आणि फ्रॉक बेतावा तसा नकाशा काढला. कापड बेतताना शिलाईसाठी दीड इंच जास्त सोडायची हाताला सवय. तसा तो माझ्याही चारही बाजूंनी सोडला गेला. कागदावर मी फुगलो.

दोन महिन्यांनी उत्तर आले. कडेपासून अंतर दोन फूट साडेदहा इंच, अर्ज नामंजूर.

आजी तशाच कार्यालयात गेल्या. परत आल्या त्या माझ्यासमोर मटकन खाली बसल्या. "अहो, दीड इंच माझ्या सवयीचा आहे, गच्चीचा नाही, असं सांगून सांगून घसा सुकला," त्या आजोबांना म्हणाल्या. "ते म्हणतात, नवा अर्ज करा. पुन्हा दोन महिने."

"मग कर की," आजोबा दम खात म्हणाले. "मी कुठं जातोय?"

आजींना हसू आले नाही.

नवा अर्ज गेला. पण त्याच आठवड्यात भर दुपारी सिलिंडर संपला. आजोबांचे ओठ निळे पडले. आजी पुठ्ठ्याने वारा घालत राहिल्या, आणि वाऱ्याने काही होत नव्हते. बाहेर रखरखीत ऊन होते आणि मी दाराशी चादर पांघरून उभा होतो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. वीज आली तरी आजींचा हात थांबेना. दुसऱ्याच सकाळी त्यांनी वायरमनला बोलावले आणि परवानगीवाचून मला गच्चीवर चढवले.

अकरा दिवस, मित्रांनो! अकरा दुपारी माझ्या जिवावर ते यंत्र घुरघुरत राहिले. नऊ वर्षांच्या टाळ्या एकीकडे आणि ती घुरघुर एकीकडे.

बाराव्या दिवशी नव्या अर्जाच्या पाहणीसाठी साहेब आले. मला पाहून थबकले. टेप लावली. "तीन फूट. अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. मग नजर चुकवून म्हणाले, "पण आजी, मंजुरीआधीच बसवलाय. मला हा काढून न्यावा लागेल. मंजुरी आली की घेऊन जा."

"कधी येईल?"

"वरच्या साहेबांची सही झाली की."

वीज गेलेली होती. खालून यंत्राचा आवाज येत होता, तो साहेबांनी ऐकला. वीज येईपर्यंत ते टाकीच्या सावलीत बसून राहिले, त्यांनी मला हात लावला नाही. मग लावला. आजी भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त माझी काच हाताने पुसली.

त्याला आज एकोणीस दिवस झाले. सही झाली का, सिलिंडर भरला का, आजोबा कसे आहेत, मला कोणी काही सांगत नाही. दुपार झाली की मी ती घुरघुर ऐकू येते का म्हणून कान देतो.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी अशाच टेबलामागे बसेल. नियम जरूर पाळा. पण कागदावर दीड इंच कमी दिसला, तर शिक्का उचलण्याआधी त्या घराची गच्ची एकदा चढून या. आणि तुमची आई किंवा बाबा याच कार्यालयात असतील, तर त्यांना आत्ता जाऊन सांगा की मागच्या खोलीतल्या पॅनलला घरी पाठवा. आत्ता, मित्रांनो. वीज जायची वेळ झाली आहे.