पाठ केलेली गुहा

लायसन्सच्या परीक्षा घेण्यात एकतीस वर्षं घालवलेल्या माणसाला आपलीच परीक्षा चाललीय हे कळणार नाही? साहेबांना पहिल्याच वळणावर कळलं. मागच्या सीटवर मुलगी अशी तिरकी बसली होती, की तिला त्यांचे हात आणि पाय दोन्ही दिसावेत.

"अगं, नीट बस की," शेजारून बायको मुलीला म्हणाली. "मान आखडेल."

"बरी आहे मी," मुलगी म्हणाली आणि पुन्हा साहेबांच्या पायांकडे बघायला लागली.

बरं, ही सहलही तिनंच काढलेली. राष्ट्रीय उद्यानात तळं होतं, धबधबा होता, सात वर्षांच्या नातीला हरणं बघायची होती. पण मुलीचं एकच टुमणं, गुहा बघायची. साहेबांच्या मनात पाल चुकचुकली ती आठवडाभर चुकचुकतच राहिली.

कारण साहेबांना अंधारात दिसेनासं झालं होतं. दिवसा सगळं लख्ख, दिवे लागले की मात्र फक्त दिवेच दिसायचे, बाकी सगळा काळोख. डॉक्टरांनी गाडीला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं. साहेबांनी ते घरात कुणालाच सांगितलं नाही. नातीला रोज संध्याकाळी पोहण्याच्या वर्गातून घरी आणायचं काम त्यांच्याकडे होतं. निवृत्त माणसाकडे एवढं एकच काम असेल तर ते तो सहजासहजी सोडत नाही. आणि रस्ता तर तोंडपाठ होता. सिग्नलनंतर डावीकडे, मग दोन गतिरोधक, मग आपलं फाटक.

पाठांतराची ही विद्या ते उमेदवारांकडूनच शिकले होते. डोळे अधू असलेली मंडळी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं घरून घोकून यायची. साहेब मुकाट्यानं दुसराच तक्ता टांगायचे, आणि समोरचा बापडा जुनीच अक्षरं घडाघडा म्हणून मोकळा व्हायचा. हा किस्सा सांगून त्यांनी जन्मभर लोकांना हसवलं होतं.

तेव्हा गुहेचीही तयारी झाली. माहितीपत्रकातला नकाशा साहेबांनी रोज दुपारी दार लावून घोकला. बासष्ट पायऱ्या. मग सपाट वाट, दोन्ही बाजूंना कठडा. चाळीस पावलांवर डावीकडे छतापासून जमिनीपर्यंत दगडी खांब.

उद्यानात पोचल्यावर गाईड म्हणाला, "पुढच्या दाराच्या वाटेचं काम चाललंय. आज मागच्या दारानं आत जाऊ." साहेबांचं लक्ष होतं मुलीकडे. ती आईच्या कानाला लागली होती, आणि यांनी बघताच गप्प झाली. दोघींचं संगनमत आहे तर, साहेबांनी मनात नोंद केली. गाईडचं बोलणं एका कानातून आत शिरलं आणि दुसऱ्यातून बाहेर पडलं.

पायऱ्या अठ्ठेचाळीसच भरल्या. छापणाऱ्यानं घोळ घातला असणार, असं साहेबांनी ठरवून टाकलं. आत पायाशी मिणमिणते दिवे होते म्हणे. त्यांनी कठडा धरला आणि ताठ मानेनं पावलं मोजली. चाळीस झाली.

"वा, काय खांब आहे," ते डावीकडे हात करून म्हणाले. "छतापासून थेट जमिनीपर्यंत."

"बाबा, तिकडे नुसती भिंत आहे," मुलगी म्हणाली. "खांब पुढे आहे."

"पुढचाच म्हणतोय मी," साहेब गुरकावले आणि कठडा सोडून झपाझप निघाले. पुढची वाट मोकळी आहे हे त्यांना पाठ होतं. तिसऱ्या पावलाला त्यांचा गुडघा कशावर तरी जोरात आदळला. कुणीतरी पडलं आणि रडायला लागलं.

नात बुटाची नाडी बांधायला वाटेत बसली होती.

"मी समोरच होते," ती हुंदके देत म्हणाली. "आजोबा, तुम्ही माझ्याकडेच बघत होतात."

मुलीनं लेकीला उचलून घेतलं, गाईडनं बॅटरी लावली. हनुवटी जरा खरचटली होती, एवढंच.

"अंधारात व्हायचंच असं," बायको म्हणाली. "आणि तू गं, सकाळपासून त्यांच्यावर डोळे वटारून बसलीयस, गोंधळतील नाहीतर काय. सांगून टाक एकदाचं."

मुलगी ओशाळली. "बाबा, मी लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झालेय. तुम्ही क्लच कसा सोडता ते बघत होते. तुम्हाला सांगायची लाज वाटली."

म्हणजे हिला काहीच माहीत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. साहेब सुटले होते. पाय अडखळला म्हटलं असतं की विषय संपला असता, आणि उद्या संध्याकाळी नात पुन्हा त्यांच्या गाडीत बसली असती. ती अजून मुसमुसत होती.

"उद्यापासून हिला माझ्या गाडीत बसवू नकोस," ते म्हणाले. "मला अंधारात दिसत नाही."

"कधीपासून?"

"तीन महिने झाले."

मुलीनं लेकीला आणखी घट्ट धरलं. "पण तीन महिने तुम्हीच तर हिला रोज आणताय."

"हो," साहेब म्हणाले.